ओटावात ज्या खर्चाचं नाव कुणी काढत नाही

18 एप्रिल 2025 ला गुड फ्रायडे होता आणि कॅनडात आगाऊ मतदानाचा पहिला दिवस. मिसिसागातल्या आमच्या केंद्राबाहेरची रांग इमारतीला वळसा घालून पार्किंगपर्यंत गेली होती. तासभर उभं राहून मी मत दिलं आणि समाधानाने घरी आलो. दुसऱ्या दिवशी लिबरल पक्षाने आपल्या आश्वासनांचा हिशेब जाहीर केला: कशावर किती खर्च करणार, पैसा कुठून आणणार, तूट किती राहणार. कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचा हिशेब आला 22 तारखेला. आगाऊ मतदान 21 लाच संपलं होतं. त्या चार दिवसांत सुमारे 73 लाख लोकांनी मत दिलं. या निवडणुकीत ज्यांनी मतदान केलं, त्यांच्यातल्या दर तिघांमागे एकाहून जास्तच. त्यांच्यापैकी कुणालाही दोन्ही मोठ्या पक्षांचे हिशेब शेजारी शेजारी ठेवून बघता आले नाहीत. फ्लॅट बुक करताना मेंटेनन्स किती, पार्किंगचे वेगळे किती, हे आपण खोदून खोदून विचारतो. देश चालवायला देताना मी यातलं काहीच विचारलं नाही, याची मला आजही खंत आहे.

इथे येऊन मला तेवीस वर्षं झाली. या काळात आठ केंद्रीय निवडणुका पाहिल्या, आणि नागरिकत्व मिळाल्यापासून एकही मतदान चुकवलं नाही. त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. कॅनडात सरकारी खर्चावर भांडण भरपूर होतं, पण ते लहान रकमांवर. सगळ्यात मोठ्या रकमेचं, म्हणजे वृद्धांना मिळणाऱ्या सरकारी वेतनाचं, नाव काढायचं नाही, यावर सगळे पक्ष ठाम आहेत. या मौनाची किंमत ज्यांना चुकवावी लागणार आहे, ते एकतर तरुण आहेत किंवा त्यांना मतच नाही.

2025 चाच अर्थसंकल्प घ्या. त्याआधीचा अर्थसंकल्प 16 एप्रिल 2024 ला मांडला गेला होता. मधल्या काळात क्रिस्टिया फ्रीलँड यांनी आर्थिक निवेदनाच्या दिवशीच अर्थमंत्रिपद सोडलं, पंतप्रधान जस्टिन ट्रूडो पायउतार झाले, त्यांच्या जागी मार्क कार्नी आले, अमेरिकेने आयातशुल्काचा बडगा उगारला आणि निवडणूकही होऊन गेली. एवढ्या उलथापालथीत दीड वर्ष देशापुढे अर्थसंकल्पच आला नाही. अखेर 4 नोव्हेंबर 2025 ला अर्थमंत्री फ्रांस्वा-फिलिप शांपान्य यांनी तो मांडला, तेव्हा वर्षाची तूट निघाली 78.3 अब्ज डॉलर. एक अब्ज म्हणजे शंभर कोटी. आदल्या वर्षीची तूट 36.3 अब्ज होती.

पुढचे दोन आठवडे बातम्यांत एकच विषय चालला: सरकार राहतं की पडतं. 343 जागांच्या सभागृहात बहुमताला 172 लागतात आणि लिबरलांचे 169 निवडून आले होते. एक कॉन्झर्व्हेटिव्ह खासदार अर्थसंकल्पाच्याच दिवशी पक्ष सोडून सरकारी बाकांवर जाऊन बसले. ग्रीन पक्षाच्या एलिझाबेथ मे शेवटच्या घटकेला होकारावर आल्या, काही विरोधी खासदार तटस्थ राहिले, आणि 17 नोव्हेंबरला 170 विरुद्ध 168 मतांनी सरकार तरलं. मीही ते मोजदाद करणारे कार्यक्रम रात्री उशिरापर्यंत बघत बसलो होतो. पण सरकार त्या वर्षात जे सुमारे 586 अब्ज डॉलर खर्च करणार होतं ते नेमके जातात कुठे, यावर त्या दोन आठवड्यांत अर्धा तासाची नीट चर्चा माझ्या तरी पाहण्यात आली नाही.

त्या रकमेत तीन मोठे ढीग आहेत. एक कर्जावरच्या व्याजाचा, 55.6 अब्ज. दुसरा प्रांतांना द्यायच्या पैशांचा. त्यात एकट्या आरोग्यासाठी 54.7 अब्ज. म्हणजे इस्पितळं चालवायला ओटावा, म्हणजे केंद्र सरकार, प्रांतांना जितकं देतं, त्याहून जास्त व्याजात जातं. आणि तिसरा ढीग आहे वृद्धांना मिळणाऱ्या वेतनाचा, एकच योजना म्हणून पाहिली तर सगळ्यात मोठा. ओल्ड एज सिक्युरिटी, ज्याला इथे सगळे ओएएस म्हणतात, आणि गरीब वृद्धांना त्यावर मिळणारी पुरवणी, जीआयएस. हे दोन्ही मिळून वर्षाला 80 अब्जांच्या पुढे गेले आहेत. सरकार खर्च करतं त्या दर सात डॉलरमधला साधारण एक डॉलर.

याच्या तुलनेत आम्ही भांडतो कशावर? सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या सुमारे 1.4 अब्जांवर. कोविडकाळात देशात येणाऱ्या प्रवाशांसाठी काढलेल्या ॲराइव्हकॅन ॲपवर. ते ॲप 80 हजार डॉलरपासून सुरू झालं आणि महालेखापाल कॅरन होगन यांनी फेब्रुवारी 2024 च्या अहवालात त्याचा अंदाजे खर्च 59.5 दशलक्ष, म्हणजे जवळजवळ सहा कोटी डॉलर, असा सांगितला. कागदपत्रं इतकी विस्कळीत होती की नेमका आकडा त्यांनाही सांगता आला नाही. याचा संताप येणं रास्तच आहे, आणि ज्या अधिकाऱ्यांनी नोंदी ठेवल्या नाहीत त्यांना जाब विचारला गेलाच पाहिजे. पण त्या सगळ्या ॲपवर जितके पैसे गेले, तितके वृद्धवेतनावर साधारण साडेसहा तासांत खर्च होतात.

मला वृद्धांचे पैसे तोडायचे आहेत, असा अर्थ कुणी काढू नये. माझं म्हणणं वेगळं आहे, आणि ते सांगण्यासाठी दिवाळीच्या फराळाला झालेलं एक बोलणं सांगतो. समोर बसलेले काका पंचाहत्तरी ओलांडलेले, पुण्याहून फार पूर्वी आलेले, इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. कंपनीचं पेन्शन आहे, घराचं कर्ज केव्हाच फिटलं आहे. ओएएसचा विषय निघाला तसे ते म्हणाले, "अरे, आयुष्यभर पैसे भरलेत आम्ही. आमचेच आम्हाला परत मिळतायत."

"काका, ते सीपीपीचं झालं," मी म्हटलं. "ओएएससाठी तुम्ही वेगळं काहीच भरलेलं नाही. मीही भरत नाही. ते आज जो कर गोळा होतो त्यातून आजच दिलं जातं."

त्यांना ते खरं वाटेना. त्यांचा दोष नाही. हा गैरसमज इथे जन्मलेल्यांमध्येही सर्रास आहे. सीपीपी म्हणजे कॅनडा पेन्शन प्लॅन, पगारातून कापला जातो आणि त्याचा निधी वेगळा असतो. तो बुडेल अशी भीती 1990 च्या दशकात होती. 1997 मध्ये केंद्र आणि प्रांतांनी मिळून वर्गणी टप्प्याटप्प्याने 6 टक्क्यांच्या आसपासून 9.9 टक्क्यांवर न्यायचं ठरवलं. लोक कुरकुरले, पण भरत राहिले. आज तो निधी 700 अब्ज डॉलरच्या पुढे आहे, जगभर गुंतवलेला आहे, मुंबईतसुद्धा त्याचं कार्यालय आहे. कॅनडाचं निव्वळ कर्ज जी-7 देशांत सगळ्यात कमी, असं सरकार अभिमानाने सांगतं त्या गणितात हा निधीही जमेस धरलेला असतो. तेव्हाच्या नेत्यांनी लोकांना अवघड गोष्ट स्पष्टपणे सांगितली आणि ती पचली, याचं हे उदाहरण मला फार मोलाचं वाटतं.

ओएएसचं तसं झालं नाही. ते 1952 मध्ये सुरू झालं तेव्हा सत्तरीनंतर मिळायचं. 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात वय उतरवत 65 वर आणलं. त्या काळी पासष्टीपुढच्यांचं प्रमाण लोकसंख्येत आठ टक्क्यांच्या आसपास होतं. आज जवळपास पाचातला एक माणूस पासष्टीपुढचा आहे. आयुष्य वाढलं ही आनंदाचीच गोष्ट आहे, पण हिशेब तोच कसा राहील?

आता मला खरोखर अस्वस्थ करणारे दोन आकडे. 65 ते 74 वयाच्या माणसाला पूर्ण ओएएस 2025 च्या अखेरीस महिन्याला सुमारे 740 डॉलर मिळत होतं. उत्पन्न जास्त असेल तर ते कमी होतं, त्याला क्लॉबॅक म्हणतात. पण कपात सुरू कधी होते? 2025 साठी ती मर्यादा होती 93,454 डॉलर, आणि तीही प्रत्येक व्यक्तीची वेगळी. म्हणजे नवरा आणि बायको दोघांचंही उत्पन्न प्रत्येकी 93 हजार असेल, घरात वर्षाला 1 लाख 86 हजार येत असतील, तरी दोघांना पूर्ण ओएएस मिळतं. वर्षाचे मिळून साडेसतरा हजारांहून जास्त. पुरतं बंद व्हायला एकेकाचं उत्पन्न दीड लाखाच्या पुढे जावं लागतं. दुसरीकडे लहान मुलांच्या आईवडिलांना जो कॅनडा चाइल्ड बेनिफिट मिळतो, त्यात 2025-26 साली कपात सुरू व्हायची ती कुटुंबाचं एकत्र उत्पन्न 37,487 डॉलर झालं की. दोघं मिळून. टोरांटोच्या परिसरात त्या पैशांत दोन खोल्यांचं भाडं निघालं तर बाकी काही उरत नाही.

बाळ असलेल्या जोडप्याला सरकार सदतीस हजारांवर सांगतं की तुम्ही आता थोडे सावरलात, आणि कर्ज फिटलेल्या घरात राहणाऱ्या जोडप्याला पावणेदोन लाखांवरही सांगत नाही. हे कुठल्या न्यायाने? उत्तर ऐकायला मी प्रत्येक निवडणुकीत कान देतो. प्रश्नच विचारला जात नाही.

विचारून पाहणाऱ्यांचं काय झालं हे राजकारण्यांना पाठ आहे, म्हणून. पंतप्रधान ब्रायन मल्रोनी 1984 मध्ये 282 पैकी 211 जागा जिंकून आले होते. एवढं बहुमत पाठीशी असताना त्यांनी 1985 मध्ये वृद्धवेतनाची महागाईशी जोडलेली वाढ थोडी कमी करायची ठरवली. संसदेसमोर सोलांज डेनी नावाच्या साठीतल्या बाईंनी त्यांना गाठलं आणि कॅमेऱ्यांसमोर सुनावलं की तुम्ही आमच्याशी खोटं बोललात. त्यानंतर काही दिवसांतच सरकारने माघार घेतली. पुढे 1989 मध्ये क्लॉबॅक आला, पण वरच्या उत्पन्नापुरता. 1996 मध्ये अर्थमंत्री पॉल मार्टिन यांनी ओएएस आणि जीआयएस एकत्र करून कुटुंबाच्या उत्पन्नावर आधारलेली एकच योजना आणायचं जाहीर केलं. माझ्या मते या विषयावर ओटावात झालेला तो सगळ्यात शहाणा प्रस्ताव. 1998 च्या जुलैमध्ये तो गुंडाळला गेला. 2012 मध्ये पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी वय 65 वरून 67 करायचं ठरवलं, आणि तेसुद्धा 2023 पासून हळूहळू. 2016 मध्ये ट्रूडो यांनी तेही रद्द केलं.

त्यानंतर तर वारं उलटंच वाहू लागलं. 2021 च्या ऑगस्टमध्ये निवडणूक जाहीर झाली त्याच आठवड्यात पंचाहत्तरीपुढच्यांच्या खात्यात एकरकमी 500 डॉलर पडले. 2022 च्या जुलैपासून त्यांचं ओएएस कायमचं 10 टक्क्यांनी वाढलं. उत्पन्न न बघता. 2024 च्या शरद ऋतूत केबेक प्रांतापुरत्या ब्लॉक केबेक्वा पक्षाने अट घातली की 65 ते 74 वयाच्यांनाही ती वाढ द्या, नाहीतर सरकार पाडायला मदत करू. पाच वर्षांचा तो खर्च सुमारे 16 अब्ज होता. एरवी तुटीवर रोज बोलणाऱ्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाने त्या ठरावाच्या बाजूने मत दिलं. आणि 2025 च्या प्रचारात कार्नी यांनी शब्द दिला की व्यक्तींना आणि प्रांतांना जाणाऱ्या पैशाला हात लावणार नाही. कॉन्झर्व्हेटिव्ह नेते पियेर पॉलिएव्ह यांनी शब्द दिला की निवृत्तीचं वय 65 च राहील. दोन्ही पक्षांना मिळून 85 टक्के मतं मिळाली.

कारण समजायला कठीण नाही. 2021 च्या निवडणुकीत 65 ते 74 वयोगटातल्या तीन चतुर्थांशांच्या आसपास लोकांनी मतदान केलं, आणि 18 ते 24 मधल्या निम्म्यांहूनही कमी. शिवाय इथे प्रत्येक रायडिंगमध्ये, म्हणजे मतदारसंघात, ज्याला सर्वांत जास्त मतं तो निवडून येतो, बाकीची मतं वाया. पाच-पन्नास मतांनी निकाल फिरू शकतो. 2025 मध्ये केबेकमधल्या टेरबॉन इथे फेरमोजणीनंतर लिबरल उमेदवार एका मताने विजयी ठरल्या. अशा वेळी कुठला उमेदवार दारावर येऊन म्हणेल की आजोबा, तुमचं उत्पन्न चांगलं आहे, तुम्हाला थोडं कमी मिळायला हवं? ही निवडणूक पद्धत बदलण्याचं वचन ट्रूडो यांनी 2015 मध्ये दिलं होतं आणि 2017 च्या फेब्रुवारीत ते सोडून दिलं. त्याबद्दल वेगळं लिहावं लागेल.

मोठ्या ढिगाला हात लावायचा नाही, आणि तूट तर कमी दाखवायची. मग काय उरतं? सरकारी नोकर. नोव्हेंबरच्या अर्थसंकल्पाने केंद्राच्या नोकरांची संख्या 3 लाख 68 हजारांच्या शिखरावरून 3 लाख 30 हजारांवर आणायचं ठरवलं. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. 2016 मध्ये फिनिक्स नावाची पगार-प्रणाली आणताना अनुभवी पगार-कारकून आधीच कमी केले होते. मग हजारो कर्मचाऱ्यांना महिनोन् महिने चुकीचे पगार मिळाले आणि बचतीच्या कितीतरी पट पैसा ते निस्तरण्यात गेला. माणसं कमी करणं म्हणजे खर्च कमी करणं नव्हे, हा धडा याच सरकारी यंत्रणेने इतक्या अलीकडे घेतलेला आहे.

दुसरी युक्ती हिशेबाची. आता अर्थसंकल्पाचे चालू खर्च आणि भांडवली गुंतवणूक असे दोन भाग केले आहेत, आणि चालू खर्च तीन वर्षांत महसुलातून भागेल असं सांगितलं जातं. कल्पना वाईट नाही. रस्ता, बंदर, वीजवाहिनी यासाठी कर्ज काढणं आणि महिन्याच्या किराण्यासाठी काढणं यात फरक आहेच. पण संसदेच्या अर्थसंकल्प अधिकाऱ्याने दाखवून दिलं की गुंतवणुकीची सरकारची व्याख्या फार ऐसपैस आहे. नेहमीच्या व्याख्येने सुमारे 94 अब्ज डॉलर त्यात बसत नाहीत. कंपन्यांना दिलेल्या करसवलती गुंतवणूक म्हणून लिहिल्या, तर वर्गवारीला अर्थ राहत नाही.

माझ्यावर आक्षेप येतील, आणि त्यातला एक मला पूर्ण मान्य आहे. ओएएस आणि जीआयएसमुळे या देशातली म्हातारपणाची गरिबी खूप घटली. मी इथे आलो तेव्हा आमच्या तळघराशेजारच्या खोलीत एक पोर्तुगीज आजी भाड्याने राहायच्या. आयुष्यभर लोकांची घरं साफ केलेली, नवरा गेलेला, स्वतःचं घर नाही. महिन्याच्या शेवटी खात्यात जमा होणाऱ्या त्या पैशांवर त्यांचं सगळं होतं: भाडं, औषधं, रविवारी चर्चमध्ये ठेवायची दोन नाणी. त्यांच्यासारख्या बाईला आज मिळतं त्याहून जास्त मिळालं पाहिजे. आणि म्हणूनच माझ्या ओळखीच्या निवृत्त संचालकांना, डॉक्टरांना, आणखी काही वर्षांनी मलासुद्धा पूर्ण ओएएस मिळणं मला खटकतं. म्हातारपण हा एकच निकष धरला की त्या आजी आणि आम्ही एका रांगेत येतो.

कॅनडा काही दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर नाही, हेही मान्य. 1995 सारखी अवस्था नाही. तेव्हा महसुलातल्या प्रत्येक डॉलरमधले तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पैसे व्याजात जात होते. आज ते दहा-अकरा सेंट आहेत. पण 1995 ची आठवण म्हणूनच ठेवावी. पॉल मार्टिन यांनी त्या वर्षी तूट मोडून काढली ती बरीचशी प्रांतांचे पैसे कापून, आणि प्रांतांनी इस्पितळं बंद केली. कॅलगरीचं जनरल हॉस्पिटल 1998 मध्ये सुरुंग लावून पाडलं. वेळ असताना श्रीमंतांचे दोन घास कमी केले नाहीत, तर वेळ गेल्यावर कुऱ्हाड कुणावर चालते, हे तिथल्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आणि आपल्या माणसांचं काय? वॉटरलूला, ब्रँप्टनला नाशिक-नागपूर-कोल्हापूरहून शिकायला आलेली मुलं एका खोलीत तिघं-चौघं राहतात, रात्री गोदामात काम करतात. त्यांच्या पगारातून आयकर कापला जातो, सीपीपी कापला जातो, दुकानात जीएसटी भरावा लागतो. मत नाही. 2024 मध्ये घरांच्या भाववाढीचं खापर त्यांच्या डोक्यावर फुटलं आणि परवान्यांवर मर्यादा आली. 2026 साठी नव्या विद्यार्थ्यांचं लक्ष्य 1 लाख 55 हजारांवर आणलं आहे. लोकसंख्येची वाढ आवरायला हवी होती, हे मलाही पटतं. पण काम करून कर भरणारे तरुण कमी करायचे आणि वृद्धांवरचा खर्च उत्पन्न न बघता वाढवायचा, ही दोन धोरणं एकाच घरात कशी नांदतील, हे ओटावातल्या कुणी तरी समजावून सांगावं.

काकांना मी त्या दिवशी हे सगळं सांगितलं नाही. फक्त दोन आकडे सांगितले, त्र्याण्णव हजार आणि सदतीस हजार. ते बराच वेळ चकलीचा तुकडा हातात धरून बसले. मग म्हणाले, "माझ्या नातीला दोन पोरं आहेत रे. तिलाही हाच सदतीसचा हिशेब?"

"तिलाही."

खासदाराला संसदेच्या पत्त्यावर पत्र पाठवायला इथे टपाल तिकीट लागत नाही. मी तसं पत्र पाठवलं आहे. मागण्या तीन आहेत. ओएएसमधली कपात माणसागणिक न धरता कुटुंबाच्या एकत्र उत्पन्नावर धरा आणि मर्यादा खाली आणा. त्यातून किती वाचेल हे संसदेच्या अर्थसंकल्प अधिकाऱ्याकडून मोजून घ्या, आणि वाचेल त्यातला निम्मा हिस्सा एकट्या राहणाऱ्या गरीब वृद्धांच्या जीआयएसमध्ये घाला. आणि निवडणूक कायद्यात एक ओळ वाढवा: ज्या पक्षाने आगाऊ मतदानाचं केंद्र उघडायच्या आधी आपला खर्चाचा हिशेब जाहीर केला नाही, त्याला त्या निवडणुकीच्या प्रचारखर्चाची सरकारी भरपाई मिळणार नाही. पत्राखाली दोन सह्या आहेत, माझी आणि काकांची.